परदेशी रेसिडेन्सीचा अर्ज भरताय? आधी पात्रतेचं पान वाचा

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एक मुलगी रात्री साडेआठला माझ्या स्टुडिओत आली. बडोद्याच्या फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंगच्या, म्हणजे छापचित्रांच्या, शेवटच्या वर्षाला होती, घर दांडिया बाजारात. जर्मनीतल्या एका रेसिडेन्सीचा अर्ज दुसऱ्या दिवशी बंद होणार होता. वीस छापांचे फोटो तिने इतके नीट काढले होते की कागदावर प्लेटची कड दाबून उमटलेली रेघसुद्धा दिसत होती. आपल्या कामाबद्दलचं स्टेटमेंट तीनदा लिहून काढलेलं. मी विचारलं, "पात्रतेचं पान वाचलंस?" म्हणाली, "वाचलं ना ताई. पस्तिशीच्या आतले हवेत, मी चोवीसची आहे." आम्ही दोघींनी ते पान पुन्हा उघडलं. पाचव्या ओळीत लिहिलं होतं की पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमात नाव दाखल असलेल्यांनी अर्ज करू नये. तिचा निकाल लागायला अजून चार महिने होते.

तिला काय वाटलं असेल ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. एम.व्ही.ए.च्या, म्हणजे दृश्यकलेतल्या पदव्युत्तर पदवीच्या, शेवटच्या सहामाहीत मी एका युरोपीय संस्थेत अर्ज केला, मुलाखतीपर्यंत पोचले, आणि मग त्यांनी ‘सध्या विद्यार्थी नाही’ असं पत्र मागितलं. ते पत्र मी कुठून आणणार? आठ महिन्यांची मेहनत एका मेलमध्ये संपली. चूक माझीच होती, ती अट त्यांच्या पानावर पहिल्या दिवसापासून होती. तेव्हापासून जो कोणी विचारायला येतो त्याला मी हेच सांगते: तुमचं काम चांगलं आहे की नाही हे निवड समिती ठरवेल, पण अर्ज समितीपर्यंत पोचेल की नाही हे पात्रतेचं पान ठरवतं. तिथे अडलेली फाइल बहुतेक ठिकाणी कोणी उघडतही नाही.

ज्यांना हा शब्दच नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. रेसिडेन्सी म्हणजे एखादी संस्था कलावंताला किंवा लेखकाला ठरावीक काळ राहायला जागा, काम करायला स्टुडिओ किंवा खोली आणि मोकळा वेळ देते, कधी वर खर्चाला थोडे पैसे, म्हणजे स्टायपेंडही. पदवी मिळत नाही, परीक्षा नसते. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधली मॅकडॉवेल १९०७ पासून चालू आहे. पॅरिसची सिते इंतरनॅस्योनाल दे आर्ट १९६५ ची, तिथे तीनशेहून जास्त स्टुडिओ आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीत दोन वर्षं राहता येतं, काही ठिकाणी जेमतेम चार आठवडे. प्रत्येकाचे नियम निराळे, आणि ते वर्षागणिक बदलतात. म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या सीनियरच्या तोंडी माहितीवर राहू नका. ती प्रेमाने सांगितलेली असते, पण जुनी असते.

नियम कागदावर घ्या

फोनच्या पडद्यावर वाचलेलं पान डोळ्यांखालून नुसतं सरकतं. नियमांचं पान छापून घ्या, ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ हा भागही छापा, कारण खऱ्या अटी पुष्कळदा तिथेच लपलेल्या असतात. मग पेन्सिल घेऊन बसा. जिथे ‘आवश्यक’ किंवा ‘पाहिजेच’ असं आहे तिथे खूण करा. ‘प्राधान्य दिलं जाईल’ असं आहे तिथे वेगळी खूण. या दोन्हींत फार फरक आहे. प्राधान्याच्या अटीत बसत नसलात तरी अर्ज करता येतो. आवश्यक अटीत बसत नसलात तर त्या वर्षी तो विषय सोडून द्यायचा आणि पुढची संस्था बघायची.

त्याच वेळी हेही बघा की अर्ज घेतात तरी का. बर्लिनमध्ये डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचा जो कलावंतांसाठीचा कार्यक्रम आहे, त्यात चित्रकार-शिल्पकारांनी स्वतः अर्ज करायचा नसतो, समितीच नावं सुचवते. आयोवा विद्यापीठाच्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅममध्येही अमेरिकी सरकारने २०२५ मध्ये निधी थांबवेपर्यंत लेखक बहुतेक त्या त्या देशातल्या अमेरिकी दूतावासांमार्फत निवडले जात. अशा ठिकाणी पोर्टफोलिओ पाठवत बसण्यात अर्थ नाही. तुमचं काम लोकांच्या नजरेत येईल असं काहीतरी करणं हाच तिथला रस्ता.

नागरिक की रहिवासी?

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत हा गोंधळ हमखास होतो, कारण प्रत्येकाचं कोणी ना कोणी परदेशात असतंच. भारताचं नागरिकत्व असणं, भारतात राहत असणं आणि भारतीय वंशाचं असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये जाण्यासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट जी मदत देतो, ती भारतीय नागरिक असून भारतात राहणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे न्यू जर्सीतली तुमची ओसीआय कार्डवाली (भारतीय वंशाची, पण परदेशी नागरिक) चुलत बहीण त्यात बसत नाही, आणि लंडनला आधीच शिकायला गेलेला मित्रही तिथल्या पत्त्यावरून सहसा अर्ज करू शकत नाही. याउलट काही संस्था पासपोर्ट कुठलाही चालेल म्हणतात, फक्त गेली काही वर्षं तुम्ही अमुक प्रदेशात राहून काम करत असलं पाहिजे. प्रो हेल्वेशिया या स्विस कला संस्थेच्या दिल्ली कार्यालयाकडून स्वित्झर्लंडला जायच्या ज्या संधी येतात, त्यांत दक्षिण आशियात राहून काम करण्याला महत्त्व असतं. तेव्हा ‘भारतीय’ हा शब्द दिसला की लगेच खूश होऊ नका, पुढचं वाक्य वाचा.

वयाचंही तसंच. किती वय, यापेक्षा कोणत्या तारखेला ते मोजायचं हे बघा. कुठे अर्जाच्या शेवटच्या तारखेला, कुठे रेसिडेन्सी सुरू होते त्या दिवशी, कुठे त्या वर्षाच्या १ जानेवारीला. मार्चमध्ये वाढदिवस असणाऱ्याचं नशीब एवढ्यावर बदलतं. वरची मर्यादा असते तशी खालचीही असते. अमेरिकेत मेन राज्यातल्या स्कोहीगनच्या नऊ आठवड्यांच्या उन्हाळी सत्रासाठी किमान २१ वर्षं पूर्ण हवीत. आणि एकाच ट्रस्टच्या वेगवेगळ्या अनुदानांना वयाच्या मर्यादा वेगवेगळ्या असू शकतात, हे चार्ल्स वॉलेसच्या बाबतीत नेहमी विसरलं जातं.

विद्यार्थी आहात का?

या अटीवर मी जरा जास्त बोलणार आहे. ‘विद्यार्थी नको’ या दोन शब्दांचे निदान तीन अर्थ होतात. मॅकडॉवेल म्हणते, अर्ज करायच्या तारखेला तुम्ही पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमात असाल तर अर्ज करू नका. दुसरीकडे एखादी संस्था म्हणते, रेसिडेन्सीच्या काळात विद्यार्थी नसलात की झालं, म्हणजे एप्रिलमध्ये परीक्षा देऊन सप्टेंबरला जाता येतं. आणि आयोवासारख्या ठिकाणी म्हणतात, इथे राहून पदवी मिळवण्याचा तुमचा हेतू नसावा. पीएचडीला नाव घातलेले पण रोज घरीच काम करणारे लोक स्वतःला विद्यार्थी समजत नाहीत. पुष्कळ संस्था समजतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: निकाल आणि पदवीदान यांच्यातले महिने. निकाल लागला, तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं, पण पदवीदान समारंभ व्हायचाय. अशा वेळी अंदाज बांधू नका, मेल करून विचारा. तो मेल कसा लिहायचा ते शेवटी सांगते.

‘नवोदित’ आणि ‘व्यावसायिक’ हे शब्दही असेच. पाच वर्षांचा अनुभव मागितला असेल तर तो पदवीनंतरचा की पदवी धरून, ते बघा. पदवीच नसलेल्यांना बऱ्याच ठिकाणी मज्जाव नसतो, तिथे सलग काम दाखवावं लागतं एवढंच. फॅकल्टीच्या ॲन्युअल डिस्प्लेमधलं किंवा फाइन आर्ट्स फेअरमधलं काम सीव्हीत ‘प्रदर्शन’ म्हणून घालणारी मुलं मी दरवर्षी बघते. अशा कॉलेजातल्या कामांना स्वतंत्र मथळा द्या, प्रामाणिकपणे. समिती बाहेरची असली तरी बडोद्याची फॅकल्टी त्यातल्या पुष्कळांना माहीत असते.

लेखकांसाठी

बडोदे चित्रकारांचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण कवी दिलीप चित्रे इथेच १९३८ मध्ये जन्मले. त्यांचे वडील इथूनच ‘अभिरुची’ मासिक काढत. चित्रे पुढे १९७५ मध्ये आयोवाच्या त्याच कार्यक्रमात गेले. तो कार्यक्रम १९६७ पासून चालू आहे आणि त्याची अट अशी की निदान एक पुस्तक प्रसिद्ध झालेलं असावं किंवा गेल्या दोन वर्षांत दखल घ्यावी अशा नियतकालिकांत लेखन आलेलं असावं, शिवाय इंग्रजीत बोलण्या-ऐकण्याइतकी सवय असावी. पुस्तक इंग्रजीतच हवं असं नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण ती आपणहूनच स्वतःला बाद करून टाकतात.

मराठी लेखन पाठवायचं तर सोबत इंग्रजी भाषांतर लागतं. ते कोणी केलं ते स्पष्ट लिहा. दुसऱ्याने केलं असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या आणि त्याचं नाव पानावर टाका. भाषांतर स्वतःच्या नावावर खपवणं हे अर्ज बाद होण्यापेक्षाही वाईट आहे. पानांची मर्यादा भाषांतराला लागू आहे की मूळ मजकुरालाही, ते बघा. परीक्षेच्या स्वरूपातला इंग्रजीचा दाखला बहुतेक रेसिडेन्सी मागत नाहीत, पण व्हिडिओवर मुलाखत घेतात. तिथे सराईत इंग्रजी नसलं तरी चालतं, आपल्या कामाबद्दल तीन-चार मिनिटं न अडखळता बोलता यावं. आरशासमोर नको, एखाद्या मैत्रिणीसमोर सराव करा. ती मध्येच प्रश्न विचारते.

नाव

गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, नावाचा वेगळा. आधार कार्डावर कोणीतरी नावाला ‘बेन’ जोडलेलं, म्हणजे घरात वैशाली, मार्कशीटवर वैशाली आणि आधारवर वैशालीबेन. इथे जन्मलेल्या मराठी मुलींच्या कागदांवर हे सर्रास असतं, मुलांच्या ‘भाई’चंही तेच. गावात कोणाला काही वाटत नाही. पण परदेशातल्या कार्यालयात बसलेल्या माणसाला या तीन वेगळ्या बायका दिसतात.

माझ्या स्वतःच्या कागदांत वडिलांचं नाव एका ठिकाणी आडनावाच्या जागी बसलं होतं. निमंत्रणपत्र त्या नावाने आलं आणि व्हिसाच्या खिडकीवरून मला परत पाठवलं गेलं. नवं पत्र यायला अकरा दिवस लागले.

म्हणून पहिल्या अर्जापासून एकच नियम: अर्जात नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, स्पेलिंगसकट. कलावंत म्हणून दुसरं नाव वापरत असाल तर त्यासाठी बहुधा वेगळा रकाना असतो, नसेल तर बायोडेटात पहिल्या ओळीत लिहा. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदलणं सक्तीचं नाही. तुमचं सगळं काम माहेरच्या नावाने ओळखलं जात असेल तर बदलण्याआधी विचार करा. मार्कशीट आणि पासपोर्ट यांतली तफावत सुटत नसेल तर ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून ठेवा आणि त्याची इंग्रजी प्रत जवळ असू द्या.

पासपोर्टच नसेल तर आजच अर्ज करा. निवड झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांची फार धावपळ होते.

निवड झाली, पण व्हिसा?

व्हिसा ही संस्थेची अट नसली तरी तुमच्या पात्रतेचाच भाग आहे, म्हणून अर्जाच्या आधी बघायची. शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांसाठी, पासपोर्ट तिथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, आणि दोन कोरी पानं हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी.

आता एक हिशेब जो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेंगेनचा अल्पकालीन व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. रेसिडेन्सी ‘तीन महिने’ म्हणते, १ जून ते ३१ ऑगस्ट. जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, झाले ९२. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही मोजतात. या दोन दिवसांसाठी त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागतो, ज्याला वेळ जास्त आणि कागदही जास्त, कधी पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे खरेपणाचा शिक्काही. संस्थेला विनंती केली तर दोन-तीन दिवस कमी करायला ती सहसा तयार असते. फक्त विचारायला हवं, आणि निमंत्रणपत्र निघण्याआधी विचारायला हवं.

अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर (देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा व्हिसा) जाणाऱ्यांपैकी काहींना परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते. ती व्हिसावर आणि डीएस-२०१९ या फॉर्मवर लिहिलेली असते. सही करण्याआधी वाचा.

अटींचा विषय निघाला की मला आपल्या गावाची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार होता. बाबासाहेब तो पाळायला १९१७ मध्ये इथे आले, आणि जातीमुळे या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. त्या दिवशी ते जिथे बसून राहिले त्या कमाटीबागेतून जाताना मला त्याची आजही लाज वाटते. तेव्हा कोणताही करार हातात आला की तुम्ही काय द्यायचं यासोबत समोरचा काय देणार तेही शोधा. खोली स्वतंत्र की वाटून, स्टुडिओ किती तास उघडा, छपाईचा प्रेस वापरता येईल का, विमान भाडं कोणाचं, स्टायपेंड पोचल्यावर लगेच की महिन्याच्या शेवटी, काम तिथे ठेवून यायचं का. हे लेखी नसेल तर लेखी मागा. मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

पैशांबद्दल एकच इशारा. अर्जाची छोटी फी अनेक नामवंत जागाही घेतात, त्यात वावगं काही नाही. पण तुम्ही अर्जच केलेला नसताना ‘तुमची निवड झाली’ असं पत्र आलं आणि खाली मोठी रक्कम भरायला सांगितली असेल, तर घरच्यांचे पैसे पाठवू नका. त्या संस्थेत पूर्वी राहून आलेल्या दोघा-तिघांशी स्वतः बोला. रेस आर्टिस नावाचं रेसिडेन्सींचं एक आंतरराष्ट्रीय जाळं १९९३ पासून आहे, संस्था त्यात आहे का तेही बघता येतं.

शेवटची तारीख

‘रात्री ११.५९’ हे कोणाच्या घड्याळातलं? हिवाळ्यात बर्लिनची ही वेळ आपल्याकडे पहाटे ४.२९ असते, न्यूयॉर्कची सकाळी १०.२९. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणजे आपल्याकडे ३.२९ आणि ९.२९. तरीही माझं ऐका आणि दोन दिवस आधी पाठवा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना त्याहून तीन आठवडे आधी सांगा, आणि त्यांनी पत्र थेट पोर्टलवर टाकायचंय की तुमच्याकडे द्यायचंय ते नीट समजावून सांगा. पूर्वी नकार आला असेल तर पुन्हा कधी अर्ज करता येतो तेही बघा, काही ठिकाणी मध्ये ठरावीक काळ जावा लागतो.

आणि आता तो मेल. शंका असेल तेव्हा विचारायला लाजू नका, पण पाल्हाळ नको. आपण कोण ते एका ओळीत, नियमातलं नेमकं वाक्य जसंच्या तसं, मग आपली परिस्थिती तारखांसकट, मग हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. काम कसं आहे, स्वप्न किती मोठं आहे, यातलं काही नको. आलेलं उत्तर जपून ठेवा, पुढे कोणी हरकत घेतली तर तेच दाखवायचं.

दांडिया बाजारातल्या त्या मुलीने यंदा असाच मेल केला. निकाल जूनमध्ये लागला, तात्पुरतं प्रमाणपत्र हाती आहे, पदवीदान व्हायचंय, मी पात्र आहे का? चार ओळी. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: हो, प्रमाणपत्राची प्रत जोडा. काल ती पुन्हा आली होती, या वेळी दुपारी, मुदतीला नऊ दिवस बाकी असताना. छापलेलं पान तिच्या हातात होतं, पाचव्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढलेली आणि शेजारी बरोबरची खूण.